मदत हवी आहे: डब्लिन ते लेटरकेनी बस यूकेतून जाते. मला चालेल का?

गोदाकाठ
नमस्कार. ऑफिसातून घाईत लिहितेय. डिसेंबरात आम्ही दोघं नवऱ्याच्या घरी चाललोय, आयर्लंडला. घर डोनेगलमध्ये, ग्वीडोरला. डब्लिन विमानतळावरून 32 नंबरच्या बसने लेटरकेनीला जायचं आणि तिथून दीर न्यायला येणार, असं ठरलंय. काल सहज बसचा रस्ता नकाशावर बघितला. मॉनहनच्या पुढे ती ओमा आणि स्ट्रबॅन या गावांवरून जाते, आणि ही दोन्ही गावं उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत! नवरा म्हणतो, "काही होत नाही, आम्ही लहानपणापासून याच रस्त्याने जातोय." त्याचं ठीक आहे हो. मला खरं सांगा, त्या तासाभरासाठी यूकेचा व्हिसा लागतो का? त्याची आजी 91 वर्षांची आहे, तिने मला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. वाटेत कुठे अडकायची वेळ येऊ नये एवढंच.

दोनकप_चहा
पासपोर्ट कुठला? राहता कुठे? आयर्लंडचा व्हिसा आहे की अजून काढायचाय? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

कॉर्कवासी
अकरा वर्षं इथे आहे. उत्तरेच्या सीमेवर ना चौकी ना फाटक. दोनशेहून जास्त रस्ते सीमा ओलांडतात, कुठेही गाडी थांबत नाही. सीमा आली हे कळतं ते दोन गोष्टींवरून. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते. मी बेलफास्टला चार-पाच वेळा जाऊन आलो, कुणी विचारलं नाही. बिनधास्त बसा.

निवृत्त_बँकर
शेंगेन व्हिसा काढला असेल तर युरोपात कुठेही चालतो. आम्ही 2018 मध्ये सात देश केले, एकाच व्हिसावर. काळजी करू नये.

नियमाने_चला
बँकर साहेब, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. युरोपियन युनियनमध्ये असणं आणि शेंगेनमध्ये असणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आयर्लंडची मोकळी ये-जा आहे ती यूकेबरोबर, आणि तीही आयरिश व ब्रिटिश नागरिकांसाठी.
कॉर्कवासी, तुम्हाला कुणी विचारलं नाही हे मान्य. पण चौकी नाही म्हणून नियम नाही असं होत नाही. भारतीय पासपोर्टवर उत्तर आयर्लंडमध्ये पाऊल ठेवायला यूकेची परवानगी लागते, बसमध्ये बसून गेलात तरी.

कॉर्कवासी
माझ्याकडे आयर्लंडचं रहिवासी कार्ड आहे हो.

नियमाने_चला
ते कार्ड यूकेत चालत नाही. आणि तपासणी होतच नाही असंही नाही. उत्तरेकडून येणाऱ्या बस थांबवून गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, आत चढून ओळखपत्रं बघतात. डब्लिन-बेलफास्ट मार्गावर हे मी स्वतः पाहिलंय. तुम्ही तिथेच राहता, तुमचं निभेल. ह्या ताई पाहुण्या म्हणून चालल्यात. एकदा नोंद झाली की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते लिहावं लागतं.

लोहमार्ग
बस कशाला? डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवरून स्लायगोची गाडी घ्या, साधारण तीन तास. स्लायगोहून 64 नंबरची बस बंडोरन, बॅलिशॅनन, डोनेगल गाव करत लेटरकेनीला जाते. हा सगळा रस्ता आयर्लंड प्रजासत्ताकातूनच आहे, यूकेचा प्रश्नच येत नाही. वेळ जास्त लागेल, पण शॅनन नदी आणि तळी बघत जाल.
अवांतर: डोनेगलमध्ये एके काळी अरुंद मापाची रेल्वे होती, आपल्या नेरळ-माथेरानसारखी. 1959 च्या डिसेंबरअखेर ती बंद झाली. आज अख्ख्या जिल्ह्यात एकही रेल्वे स्टेशन नाही. फार वाईट वाटतं.

स्टिअरिंग
गाडी भाड्याने घ्या. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि पाहुण्यांना भारतीय लायसन्स चालतं. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट ठेवलेलं बरं. एन 4 ने स्लायगो, मग एन 15 ने बार्न्समोरच्या खिंडीतून वर. हाही रस्ता उत्तरेत शिरत नाही. भाडं घेताना विमा नीट वाचा.

दोनकप_चहा
डिसेंबरात दुपारी चार-सव्वाचारला अंधार पडतो तिथे. तेरा-चौदा तासांचा विमानप्रवास करून आल्यावर अनोळखी, ओल्या रस्त्यावर गाडी चालवा असं मी तरी कुणाला सांगणार नाही.
गोदाकाठ, माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

गोदाकाठ
सॉरी, मीटिंगमध्ये होते. पासपोर्ट भारतीय, अर्थातच. राहतो पुण्यात. आयर्लंडचा व्हिसा मिळालाय, सी टाइप, म्हणजे अल्पमुदतीचा. नवरा आयरिश.

निवृत्त_बँकर
लग्न झालंय का? तुम्ही एकदा 'दोघं' लिहिलंय आणि एकदा 'नवरा'.

गोदाकाठ
झालंय, दीड वर्ष झालं. पुण्यातच, विशेष विवाह कायद्याखाली, महिनाभर नोटीस लावून. याचा बसशी काय संबंध?

नियमाने_चला
बसशी नाही, पण विमानतळावर आहे. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर लग्नाचं मूळ प्रमाणपत्र, सासरच्यांचं निमंत्रण पत्र आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. डब्लिनला अधिकारी विचारतो की कुणाकडे, किती दिवस, परत कधी. व्हिसा हातात असला तरी आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस द्यायचे हे तोच ठरवतो.
आता महत्त्वाचं. पासपोर्ट उघडा आणि व्हिसाच्या स्टिकरवर शेऱ्याच्या जागी 'बीआयव्हीएस' ही अक्षरं आहेत का ते बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर आहे.

हिंजवडीकर
एवढं कशाला? यूकेचा ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, भरा, दहा मिनिटांत मिळतो. माझ्या अमेरिकन मॅनेजरने असंच केलं.

नियमाने_चला
ईटीए त्यांच्यासाठी असतो ज्यांना यूकेचा व्हिसा लागत नाही. भारतीयांना व्हिसा लागतो, त्यामुळे ईटीए मिळत नाही. कृपया अर्ज भरून पैसे घालवू नका.

मालवणी_माणूस
आयर्लंडचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या मालवण तालुक्यातलं वराड हे लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव. ते 2017 मध्ये पहिल्यांदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा गावात आनंदीआनंद होता. 2019 च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह वराडला येऊन गेले. ताई, सासरी गप्पांना विषय लागला तर हे जरूर सांगा. आडनावाचा उच्चार तिथे वेगळाच करतात, तोही दुरुस्त करून द्या.

आजीची_फोडणी
आजेसासूबाईंना पहिल्यांदा भेटताय, रिकाम्या हाताने जाऊ नका. साजूक तुपातले बेसनलाडू न्या, आठवडाभर टिकतात. पेढे न्या. घरचं तूप एक किलो तरी न्याच.

दोनकप_चहा
तूप, पेढे नको! बाहेरून युरोपियन युनियनमध्ये येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि आयर्लंडला ती लागू आहे. कस्टम्सने बॅग उघडली तर सगळं जप्त होईल. ताजा कढीपत्ताही नको. मसाले, चहा, चिक्की असलं न्या.

आजीची_फोडणी
तुपाचा लाडू म्हणजे दुधाचा पदार्थ कसा? माझी बहीण दर वर्षी नेते.

दोनकप_चहा
तूप दुधाचंच असतं. बहिणीचं कधी तपासलं नसेल. इथे एक बाई आधीच सीमेच्या काळजीत आहे, तिच्या बॅगेत आणखी काळजी कशाला भरायची?

गोदाकाठ
घरी येऊन पासपोर्ट बघितला. आहे! शेऱ्यात बीआयव्हीएस लिहिलंय. एकाच प्रवेशाचा व्हिसा आहे. म्हणजे काय आता?

नियमाने_चला
म्हणजे बसचा प्रश्न मिटला. ब्रिटन आणि आयर्लंडची ही संयुक्त व्हिसा योजना भारतात 2015 मध्ये सुरू झाली. आयर्लंडच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर ही अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर यूकेत जाता येतं, उत्तर आयर्लंडसह. 32 नंबरची बस खुशाल घ्या. पासपोर्ट मात्र अंगावरच्या पर्समध्ये हवा, बसच्या पोटातल्या बॅगेत नको.
अट एकच. ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. तुम्ही आधी डब्लिनला उतरून शिक्का घ्यायचा, मगच यूके.

गोदाकाठ
आधी म्हणजे? आमचं तिकीट मुंबई-लंडन-डब्लिन आहे. लंडनला दोन रात्री नणंदेकडे राहून मग डब्लिन. येताना डब्लिन-लंडन-मुंबई, लंडनला विमानतळावरच तीन तास.

लोहमार्ग
हे आधी का नाही सांगितलंत?

गोदाकाठ
प्रश्न बसचा होता म्हणून! तिकीट काढणाऱ्या एजंटला व्हिसा दाखवला होता, तो म्हणाला सगळं ओके आहे.

नियमाने_चला
ओके नाही. आयर्लंडने दिलेला व्हिसा घेऊन तुम्ही आधी लंडनला राहायला उतरू शकत नाही. मुंबईला चेक-इनलाच अडवतील. यूकेचा वेगळा व्हिसा काढलात तरच हा क्रम जमेल, आणि डिसेंबर आता जवळ आलाय.

कॉर्कवासी
लंडनला राहू नका, पण विमानतळावरून बदलून जायला काय हरकत आहे?

नियमाने_चला
हीथ्रोवरून डब्लिनच्या विमानाला जाताना ब्रिटिश इमिग्रेशनमधून जावं लागतं. नुसतं बदलून जाण्याचे नियम निराळे आहेत, पण चेक-इनच्या खिडकीवर उभं राहून ते समजावत बसण्याची वेळ का आणायची? मी तरी जाताना लंडन पूर्ण टाळेन. दोहा, दुबई किंवा अबू धाबीमार्गे थेट डब्लिनला विमानं आहेत. नणंदेकडचे दोन दिवस परतीत घ्या. आयर्लंडचा शिक्का झाल्यावर लंडनला जायला अडचण नाही, फक्त डब्लिनच्या अधिकाऱ्याने दिलेल्या दिवसांच्या आत. तिथून थेट मुंबई. एकदा यूके-आयर्लंडबाहेर पडलात की एकाच प्रवेशाचा व्हिसा संपला, हे लक्षात ठेवा.

स्टिअरिंग
मग जातानाचं सोडून द्या आणि येतानाचं तेच तिकीट वापरा. निम्मे पैसे वाचतील.

दोनकप_चहा
नका करू असं! एकाच तिकिटावरचा पहिला टप्पा न सांगता सोडला की विमान कंपनी पुढचे सगळे टप्पे रद्द करते. माझ्या मावसभावाचं झालंय, परतीच्या दिवशी विमानतळावर कळलं. फोन करून रीतसर बदलून घ्या.

मालवणी_माणूस
ताई, घाबरू नका, अजून वेळ आहे. बसचा रस्ता नकाशावर बघितलात म्हणून हे आत्ता कळलं, नाहीतर विमानतळावर कळलं असतं.

गोदाकाठ
रात्री उशिरा लिहितेय. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, तोही गप्प झाला. त्याच्यासाठी ती सीमा कधी नव्हतीच, त्यामुळे माझ्यासाठी ती असू शकते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, येताना चार दिवस राहा, उलट बरंच.
तिकीट बदललं. आता मुंबई-दोहा-डब्लिन, मग बस. परतीत डब्लिन-लंडन, आणि चार दिवसांनी लंडन-मुंबई. दोघांचे मिळून सव्वीस हजार जास्तीचे गेले. एजंटने त्याची फी परत दिलेली नाही.
बॅगेत चिक्की, गोडा मसाला आणि आजीसाठी सोलापुरी चादर. तूप घेत नाहीये. नियमाने_चला आणि दोनकप_चहा, तुमचे खूप आभार. कॉर्कवासी, तुम्हीही पासपोर्ट सांभाळून जात जा.
एकच राहिलं. आजी घरात आयरिशच बोलते, इंग्रजी नाइलाजाने. नवरा शिकवतो, पण त्याला माझे उच्चार गोड वाटतात म्हणून तो दुरुस्तच करत नाही. पहिल्या भेटीत काय म्हणू?

कॉर्कवासी
डोनेगलमध्ये भेटल्यावर 'गजे मार अता तू' म्हणतात, म्हणजे 'कशी आहेस'. आमच्याकडे दक्षिणेत वेगळं म्हणतात, तिथे हेच म्हणा. आभार मानायला 'गुर मह अगत', त्यातला 'ह' अगदी हलका. बाकी ती हात धरून ठेवेल, सोडणार नाही. पासपोर्टचं तुमचं म्हणणं ऐकलंय. पुढच्या वेळी बेलफास्टला व्हिसा काढून जाईन.

गोदाकाठ
गजे मार अता तू. म्हणून बघितलं, नवरा उठून बसला. आता रोज दहा वेळा.