मदत हवी आहे: गर्ट फ्रोबेचे जुने जर्मन चित्रपट

नमस्कार मंडळी. जर्मन अभिनेता गर्ट फ्रोबे म्हटलं की बहुतेकांना १९६४ चा जेम्स बाँडपट 'गोल्डफिंगर'च आठवतो. त्यात तर आवाजही त्याचा नाही, मायकेल कॉलिन्सचा आहे! मला तो खरा भिडला १९५८ च्या 'एस गेशा आम हेललिष्टन टाग'मध्ये. हातात बाहुली घालून लहान मुलीला खेळवणारा तो धिप्पाड खुनी, चेहऱ्यावर लाडीगोडी... अंगावर काटा येतो. आणि १९४८ च्या 'बर्लिनर बालाडे'त हाच माणूस अगदी काटकुळा! मधल्या दहा वर्षांत त्याने बऱ्याच छोट्या भूमिका केल्या. त्यातल्या कोणत्या आवर्जून बघाव्यात? इंग्रजी सबटायटल्ससह कुठे मिळतील? जर्मन मला जेमतेम कळतं. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनच्या ग्रंथालयात यातलं काही कुणाला मिळालंय का?