मदत हवी: किडनी कमजोर, ठोके अनियमित, रक्त पातळ करायची गोळी घ्यायची का?

आत्या, वय ७२, वजन ४६ किलो, बीपी आहे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) २.१, डायलिसिस नाही. ईसीजीत एएफ (हृदयाचे अनियमित ठोके) निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळीनं लकव्याचा धोका कमी होईल पण रक्तस्रावाची भीती आहे, घरी बोलून या. गाव आर्वी तालुक्यात, आयएनआरसाठी (रक्त किती पातळ झालं ती तपासणी) वर्धा गाठावं लागते. काय विचारायचं?

प्रतिसाद १
आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का पाहा. संधिवाताच्या तापानं मायट्रल झडप बरीच आकसली असेल तर वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्याच, डॅबिगॅट्रान-एपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा विषय संपला.

झडप ठीक असेल तर किडनी किती काम करते याचा हिशोब करा. नुसत्या २.१ वरून समजत नाही, कारण वजन कमी आहे. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागा, बाईमाणसासाठी ०.८५ नं गुणा. उत्तर येतं साधारण १७.६. रिपोर्टवरचा ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) वेगळा. डोससाठी हाच आकडा धरतात.

एवढ्यावर डॅबिगॅट्रान नको, ती सुमारे ८० टक्के किडनीवाटे जाते. एपिक्साबॅन सुमारे २७ टक्के. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त: यातलं दोन लागू असलं की एपिक्साबॅन ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आत्यांना दोन लागू आहेत. मात्र मोठ्या चाचण्यांत वरच्या हिशोबाचा आकडा २५ च्या खाली असलेले रुग्ण जवळपास घेतलेच नव्हते. डॉक्टर ‘घरी बोला’ म्हणतात ते म्हणूनच, टाळाटाळ नव्हे.

प्रतिसाद २
अ‍ॅसिट्रॉम घेतली तर आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. सुरुवातीला दर आठवड्याला वर्धा, स्थिरावल्यावर महिन्याला. किडनी कमजोर असली की तो जास्त हलतो. मेथी-पालक बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. एपिक्साबॅनला आयएनआर नको, पण दोन-तीन डोस चुकले की संरक्षण गेलंच. सकाळ-संध्याकाळ गोळी कोण देणार ते आधी ठरवा.

कोणतीही गोळी असो, किडनी आणि हिमोग्लोबिन दर दोनेक महिन्यांनी तपासा. मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच, क्रिएटिनिन चढलं की औषध अंगात साचतं. काळी शी झाली किंवा डोक्याला मार लागला तर थेट दवाखाना.

धागाकर्ता
त्यापेक्षा इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) चालेल का? अन् गुडघ्याला गावात डायक्लोफिनॅकची सुई घेतात.

प्रतिसाद २
इकोस्प्रिन एएफचा लकवा धड रोखत नाही, रक्तस्राव मात्र करू शकते. डायक्लोफिनॅकची सुई आजपासून बंद, किडनीलाही मारते अन् रक्तही काढते. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना मात्रा विचारून. गावातल्या डॉक्टरला चिठ्ठी दाखवूनच ठेवा.