विषय: संगीतशास्त्रज्ञ पं. भातखंड्यांचे टपाल तिकीट – चौकटीचा प्रश्न

मंडळी,
आणलेल्या पाच कोऱ्या तिकिटांपैकी एक बाद झाले आहे, कारण गिरगावातल्या चौकटवाल्याने माझे सांगणे पूर्ण होण्याआधीच त्याच्या मागे डिंक फासून ते पुठ्ठ्यावर दाबून बसवले. उरलेली चार हिंज (डिंक लावलेली कागदाची छोटी घडी) लावून बसवायची की पारदर्शक पाकिटात ठेवायची, हे उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. गुरुवारी माझे विमान आहे. शिवाय कार्यवाहांनी पाठवलेल्या चौकटीवरच्या नावाच्या पट्टीवर '१५ पैसे, १९६१' असे छापले आहे, ते '१५ नये पैसे' हवे, कारण पैशामागचा 'नये' हा शब्द १९६४ साली गेला.
– मुक्काम गिरगाव

काका,
हिंज मुळीच नको, तिनेही मूळ डिंकावर डाग राहतो. चिकटलेले तिकीट पाण्यात टाकू नका. सुटेल, पण मूळ डिंक धुऊन गेला की ते कोरे म्हणवत नाही. दादरच्या चाळीत आम्ही पाकिटांवरची तिकिटे ताटलीतल्या पाण्यात भिजवून वर्तमानपत्रावर पालथी वाळवत असू, पण ती शिक्क्याची असल्याने बिघडत नसे. म्हणूनच शिक्का बसलेली घ्या, असे मी बैठकीत म्हटले होते. इतिवृत्तात ते आलेले नाही.
– माजी खजिनदार

भाऊजी,
शिक्का नेमका चेहऱ्यावर बसला असता, तर भिंतीवर काय लावले असते? पैशांपेक्षा मला पट्टीवरचा 'संगीतकार' हा शब्द अधिक खटकतो, कारण तो वाचून आपल्याकडे कोणालाही चित्रपटाला चाली देणारा माणूसच आठवेल. भातखंड्यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी दहा थाटांची मांडणी केली, क्रमिक पुस्तकांतून घराण्यांच्या चिजा (बंदिशी) स्वरलिपीत उतरवल्या आणि 'चतुर' या नावाने स्वतः रागाची लक्षणे सांगणारी लक्षणगीते रचली. म्हणून 'वाग्गेयकार', म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणारा, असे लिहावे. गायनवर्ग मी चालवते, तेव्हा मजकूर आधी माझ्याकडे यायला हवा होता.
– गायनवर्ग

वहिनी,
पट्टी साडेतीन इंचांची आहे आणि इथल्या मुलांना 'वाग्गेयकार' वाचता येणार नाही. गायक पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे १९७३ चे तिकीट का घेतले नाही, असे विचारणारे तिघे आहेत. त्यांनी पुढच्या वर्षी स्वतः घेऊन यावे.
– कार्यवाह

मंडळी,
वाट पाहून पट्टीवर 'पंडित विष्णु नारायण भातखंडे, १८६०–१९३६. तिकीट १९६१, १५ नये पैसे' एवढेच कोरायला सांगितले, त्यामुळे दोन्ही विशेषणे गळाली. जन्म वाळकेश्वरचा, हे मागच्या बाजूला पेन्सिलीने मीच लिहिले आहे. चारही तिकिटे चिमट्याने उचलून पारदर्शक पाकिटांत घातली. डिंक लागलेले पाचवे पुठ्ठ्यासकट आणतो आहे. खजिनदारांनी ते हवे तर ताटलीत भिजवावे.
– मुक्काम गिरगाव