थंडीत टेकडी चालेल, पण सायकल नको?
वर कोणीतरी लिहिलंय, ‘थंडीत टेकडी ठीक, पण सायकल मार्चपर्यंत बंद.’ अहो, पुण्याची थंडी ती केवढी! पारा १० अंशांवर आला की आपण कानटोप्या काढतो. सायकलवर झोंबतो तो वारा, हे मात्र खरं. १० अंशांत ताशी २० किलोमीटर वेगाने गेलं, तर अंगाला सातेक अंश असल्यासारखं वाटतं. म्हणून छाती, कान आणि बोटं झाका. जाड स्वेटर नको, घामाने भिजला की उतारावर हुडहुडी भरते. मी टी-शर्ट आणि विंडचीटरच्या मध्ये कालचा पेपर घालतो. बायको हसते, पण वारा अडतो.

अजून एक. शांत, निरभ्र रात्री गार हवा खाली साचते, त्यामुळे पहाटे नदीकाठी जास्त गारठा आणि वेताळ टेकडीवर चक्क ऊब, असं होतं. शेकोट्यांचा धूरही खालीच अडकतो. दम्याचा त्रास असेल तर साडेपाचचा हट्ट सोडा, ऊन वर आल्यावर निघा. आणि पाणी प्या, तहान लागत नाही म्हणून विसरायला होतं.

सिंहगडाचा घाट चढताना विंडचीटर काढून ठेवा. उतरताना लागेलच.