झिंक नवंकोरं, ड्राइव्ह मात्र सडतोय! स्टर्नड्राइव्हवाले कोणी आहेत का?

देवबागचो झिल:
नमस्कार मंडळी. आमची २१ फुटी फायबरची स्पीडबोट आहे. इथे सगळ्यांकडे आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन. आम्हीच शहाणे, मुंबईहून जुनी स्टर्नड्राइव्ह उचलून आणली. इंजिन आत, ड्राइव्ह मागे पाण्यात. पावसाळा सोडला तर बोट कर्लीच्या खाडीतच नांगरलेली असते.

रविवारी ओहोटीला ड्राइव्ह वर घेऊन नीट बघितला. पंख्याच्या वरच्या बाजूला रंगाला फोड आलेत, चणाडाळीएवढे. एक नखाने फोडला तर आत पांढरी ओली भुकटी, टूथपेस्टसारखी. पुसली तर खाली ॲल्युमिनियमला खड्डा, काडेपेटीच्या काडीचं गुल बसेल एवढा.

झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. सप्टेंबरात झिंकचे तुकडे नवे बसवले आणि ते अजून चकाचक आहेत. वडील म्हणतात, "बघ, झिंकाक काय एक झाला नाय. माल चांगलो." मग ड्राइव्ह का सडतोय? मेकॅनिक म्हणतो, तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारता तोच लाल अँटिफाउलिंग रंग ड्राइव्हलाही दोन हात मारा. मारू का?

इंजिनरूम निवृत्त:
अजिबात नको. त्या लाल रंगात बहुतेक वेळा तांब्याचा ऑक्साइड असतो. ॲल्युमिनियमवर तांबं आणि भोवती खारं पाणी, म्हणजे तू स्वतःच्या पैशाने बॅटरी तयार करणार आणि तिच्यात खर्ची पडणार ड्राइव्ह. तळाचा तो रंगसुद्धा ड्राइव्हच्या जोडापासून चार बोटं लांब थांबव. ड्राइव्हला तांबं नसलेला वेगळा रंग मिळतो.

आता झिंक. त्याचं कामच झिजायचं. पंखा स्टेनलेसचा असेल तर ॲल्युमिनियम आणखी लवकर जातं. त्याच्या आधी झिंकाने जावं म्हणून ते लावायचं. निम्मं झिजलं की बदलायचं. आठ महिने पाण्यात राहून चकाकतंय म्हणजे ते बसून पगार खातंय. उघडं झिंक लवकरच मळकट, खरबरीत दिसायला लागतं. मल्टिमीटर घे, एक टोक झिंकवर, दुसरं खड्ड्यातल्या उघड्या धातूवर. एक ओहमपेक्षा जास्त दाखवलं तर जोड तुटलाय.

आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आत तळाशी पाणी साचतं तिथे, पंपाच्या वायरचा टेप गुंडाळलेला जोड पाण्यात पडलेला नाही ना, तेही बघ. तिथून करंट गळला तर झिंक-बिंक काही पुरत नाही.

नीलिमा, पर्थ:
आमची बोट इथे स्वान नदीच्या मुखाजवळ असते, तुमच्या खाडीसारखंच पाणी. मचूळ पाण्यात झिंकवर कडक साय धरते आणि ते झोपी जातं. तुमच्याकडे पावसानंतर नदीचं पाणी उतरत असेल तेव्हा हेच होणार. आम्ही झिंकच्या जागी ॲल्युमिनियमचे अॅनोड, म्हणजे तसेच झिजायचे तुकडे, लावतो, ते खाऱ्यात आणि मचूळ पाण्यात, दोन्हीकडे चालतात. मॅग्नेशियमचे कोणी गळ्यात मारले तर घेऊ नका, ते गोड्या पाण्यासाठी. आणि सगळे एकाच धातूचे लावा.

रेवसचा तांडेल:
बोट उभी असताना ड्राइव्ह वर ठेवतोस का? वर घेतलास की झिंक पाण्याबाहेर आणि खालचा भाग मात्र पाण्यातच. बोटीत पाणी शिरू नये म्हणून ड्राइव्हच्या जोडावर असतो तो रबरी बेलो पण ताणून तडकतो. खाली ठेव. बोट वर काढली की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या जाळीवर रबरी कप लावून गोडं पाणी सोड. आधी पाणी, मग स्टार्ट! इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालव, नाहीतर आतलं मीठ आतच राहतं. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर सील बघून घे.

देवबागचो झिल:
मल्टिमीटर लावला. ओपन, म्हणजे जोडच नाही! झिंक खोललं तर मागच्या बाजूला, बोल्टाखाली, सगळीकडे रंग. शिवाय चकाकीचं कोडं सुटलं: रंगवणाऱ्या पोराने शेवटी सगळ्यावर बिनरंगी लॅकर फवारला होता. झिंकवरसुद्धा. मन लावून काम केलं होतं बिचाऱ्याने.

बसायच्या जागा उघड्या धातूपर्यंत घासल्या. खड्डे खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर लगेच मारला. नीलिमाताईंचं ऐकून अॅनोड सगळेच ॲल्युमिनियमचे घेतले. मीटर आता शून्याच्या आसपास. तांडेलमामा, ड्राइव्ह खाली ठेवला तर आमच्याकडे ओहोटीला वाळूला टेकतो, म्हणून नांगर थोडा खोलात नेलाय. चालत जायचो, आता होडीने जावं लागतं.

देवबागचो झिल:
तीन आठवड्यांनी बघितलं. नव्या अॅनोडवर बारीक खड्डे, रंग राखाडी. नवीन फोड नाही. वडील बराच वेळ हात फिरवून बघत होते, मग म्हणाले, "दुकानदारान तुका फसवल्यान."