मदत हवी आहे: दुकानात जपानी एन स्केल (मॉडेल आगगाड्यांचं एक छोटं माप) गाड्या ठेवायच्या आहेत, पण हे ‘खेळणं’ धरतात का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं वह्या, कंपास, रंगपेट्यांचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघतो. जून-जुलै हाच आमचा सुगीचा काळ, एरवी दुपारी पंखा आणि मी.

गेल्या दिवाळीत मेहुणा जपानहून आला. त्याने भाच्यासाठी काटो कंपनीचा एन स्केलचा संच आणला: गाडी, रुळांचं वर्तुळ आणि वेग कमीजास्त करायचा कंट्रोलर. घरी जागा नाही म्हणून मी तो दुकानात मागच्या टेबलावर मांडला आणि उत्साहाच्या भरात प्लग थेट भिंतीत खुपसला. खोक्यावर १०० व्होल्ट लिहिलेलं होतं, भिंतीत २३०. टिचकीसारखा आवाज आला, जळका वास आला आणि कंट्रोलर गेला. दोष सर्वस्वी माझा. दुसरा मागवला आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला, तेव्हा कुठे गाडी धावली.

ती धावायला लागल्यापासून दुकानाची तऱ्हाच बदलली आहे. वही घ्यायला आलेली पोरं जात नाहीत, पोरांना न्यायला आलेले बाप तर त्याहून जात नाहीत. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून आलेली मंडळी विचारतात, “अशी गाडी विकत कुठे मिळते हो?” मुलांना बुलेट ट्रेन हवी असते. मुंबई-अहमदाबादची बातमी सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे ई५ शिंकानसेनचा हिरवा रंग आणि मधला गुलाबी पट्टा त्यांना तोंडपाठ आहे.

घोरपडीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले एक काका दर गुरुवारी येतात. पहिल्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पट्टीने गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोजलं. ९ मिलिमीटर. मग माझ्याच कॅल्क्युलेटरवर हिशेब. शिंकानसेनचं मॉडेल १:१६० चं, म्हणजे ९ गुणिले १६० बरोबर १४४०. खरं गेज १४३५. “पास!” पण जपानच्या साध्या गाड्यांची मॉडेलं १:१५० ची असतात. ९ गुणिले १५० बरोबर १३५०, आणि तिथलं खरं गेज १०६७. काका माझ्याकडे असे बघत राहिले की जणू घोटाळा मीच केलाय. शेवटी म्हणाले, “डबा एका मापाचा, रूळ दुसऱ्या मापाचा. आणि आपलं १६७६ गेज १:१६० ने धरलं तर साडेदहा मिलिमीटर रूळ लागेल. म्हणून आपली गाडी कोणी बनवत नाही होय!” तेव्हापासून ते जपान्यांवर थोडे नाराज आहेत, पण गुरुवार चुकवत नाहीत.

तर मला एक कपाटभर हा माल ठेवायचा आहे. दोन-चार संच, सुटे रूळ, काही डबे. मोठा व्यापार करायचा नाही. पण माहिती काढायला गेलो आणि घाबरलो. कोणी म्हणतं आयएसआय मार्क लागतो, कोणी म्हणतं मॉडेलला लागत नाही. कोणी सांगतं कर ७० टक्के, कोणी म्हणतं जपानशी करार आहे, काळजी करू नका. मेहुणा म्हणतो, “दर खेपेला बॅगेत चार संच आणतो, विकून टाक.” मला तसं करायचं नाही. बाबांनी या गल्लीत इतकी वर्षं बिल फाडून धंदा केलाय.

ज्यांनी परदेशी हॉबीचा माल आणलाय किंवा ज्यांना कस्टम्सची माहिती आहे, त्यांनी कृपया सांगा. आणि समजा आणता आला, तर सुरुवातीला काय ठेवावं?

---

चौथी_सीट

पाटीपेन्सिल, मी उरणला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. न्हावाशेवाला खेळण्यांचे कंटेनर रोज बघतो. आधी वाईट बातमी.

कस्टम्सच्या मालाच्या यादीत शीर्षक ९५०३ मध्ये बाहुल्या, तीनचाकी, कोडी यांच्याबरोबर ‘लहान प्रमाणातली मॉडेलं, चालणारी वा न चालणारी’ असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे ‘हे खेळणं नाही, मॉडेल आहे’ हा युक्तिवाद तिथे कामाचा नाही, दोन्ही एकाच ओळीत बसतात. खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०. दहा हजारांचा माल बंदरातच सतरा हजारांचा होतो, वर जीएसटी वेगळा. जपानशी करार आहे हे खरं, पण सवलत मालाप्रमाणे ठरते आणि तो माल जपानमध्येच तयार झाल्याचं तिकडचं प्रमाणपत्र लागतं. ते एजंटकडून तपासून घ्या, ऐकीव माहितीवर माल मागवू नका.

आता आयएसआय. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे आणि तिथली व्याख्या वेगळी आहे: १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली किंवा उघडच त्यासाठी असलेली वस्तू. म्हणजे कस्टम्स विचारतं वस्तू काय आहे, आणि बीआयएस (आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था) विचारतं ती कोणासाठी आहे. तुमचा सगळा प्रश्न या फटीत अडकलाय. खोक्यावर वय काय छापलंय ते आधी बघा. ८ असेल तर वाद घालायला जागाच नाही. १४ किंवा त्याहून जास्त असेल तर बोलता येईल, पण अधिकारी ऐकेलच असं नाही. समोर वर्तुळात फिरणारी आगगाडी दिसत असते हो त्याला.

आणि या मार्कचं लायसन्स तुम्ही काढायचं नसतं. ते परदेशातल्या कारखान्याला मिळतं. कारखान्याने अर्ज करायचा, तपासणी करून घ्यायची, फी भरायची. तुमच्या चार संचांसाठी कोणता जपानी कारखाना हे करेल? इथेच छोटा दुकानदार मार खातो. मोठा आयातदार कारखान्याला गळ घालू शकतो, आपण नाही.

बॅगेचा नाद सोडा हे बरोबर केलंत. बॅगेतली सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंना असते, विक्रीच्या मालाला नाही.

---

लेस्टरची_सून

दादा, मी इंग्लंडमध्ये असते. माझे सासरे पन्नास वर्षं मॉडेल रेल्वेवाले आहेत, त्यामुळे शनिवारी मुलांना घेऊन अशा दुकानात ताटकळायची मला सवय आहे.

इथली छोटी दुकानं जपानशी थेट बोलत नाहीत. काटोचा माल इथे गेजमास्टर नावाची कंपनी आणते आणि दुकानं तिच्याकडून दोन-दोन, चार-चार नग उचलतात. जर्मनीत हेच काम नॉख करते, अमेरिकेत काटोचीच शाखा आहे. म्हणजे मध्ये कोणीतरी मोठा असल्याशिवाय गल्लीतलं दुकान हा माल ठेवूच शकत नाही. तुमच्याकडे तो मधला माणूस शोधा, जपान शोधू नका.

दुसरं, कंट्रोलर. इथेही भिंतीत २३०च असतात. त्यामुळे इथे विकले जाणारे १२ व्होल्ट डीसीचे कंट्रोलर तुमच्याकडे पिन बदलून चालतील. काटोची गाडी त्यावर नीट धावते, आमच्या घरी धावते. तो स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पोरांच्या हाताशी ठेवू नका हो.

आणि एक सांगू का, इथे नवीन मालावर दुकानं तगत नाहीत. १९४६ पासूनचं हॅटन्स, एवढं मोठं नाव, २०२४ च्या जानेवारीत त्यांनीही बंद करत असल्याचं जाहीर केलं. सासरे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. आमच्या जवळचं छोटं दुकान मात्र चालू आहे. तिथे जुन्या गाड्या कमिशनवर विकतात, दुरुस्ती करतात आणि म्हातारे लोक तासन्‌तास बसतात. तुमच्याकडेही ज्यांच्या माळ्यावर जुन्या गाड्या पडल्यात, त्यांचा माल कमिशनवर ठेवलात तर आयातीची भानगडच नको.

---

चौथी_सीट

वहिनी, कल्पना चांगली आहे, पण एक खोच आहे. बीआयएस कायद्यात फक्त आयात नाही, विकणं, साठवणं, विक्रीसाठी मांडणं हे सगळं धरलंय. वस्तू ‘खेळणं’ ठरली तर माळ्यावरून आली की जहाजातून, फरक पडत नाही. २०२३ च्या जानेवारीत बीआयएसने मॉल आणि विमानतळांवरच्या दुकानांतून मार्क नसलेली १८ हजारांहून जास्त खेळणी जप्त केली होती. मार्क नाही, माल उचलला. म्हणून आधी बीआयएसला लेखी विचारा. खोक्याचे सगळ्या बाजूंचे फोटो, वयाची ओळ, व्होल्टेज, किंमत हे सगळं जोडा. चालत्या गाडीला विजेच्या खेळण्यांचं मानकही बघतात, आयएस १५६४४. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका.

---

खरं_बोलतो

एवढा खटाटोप कशाला? लोक तुमच्या दुकानात बघणार आणि ऑनलाइन मागवणार. सदाशिव पेठेत कोण हजारो रुपयांची आगगाडी घेतो? पेनं विका.

---

निशिकसाईकर

खरं_बोलतो, तुमच्या पेठेतलेच लोक इकडे टोकियोत येऊन दोन-दोन तास दुकानाबाहेर पडत नाहीत, मी स्वतः घेऊन जातो त्यांना. असो.

पाटीपेन्सिल, कायद्यातलं मला कळत नाही, मालाबद्दल सांगतो. पहिली गोष्ट, काटो एकच गाडी वर्षभर बनवत बसत नाही. खेप निघते, संपते, पुन्हा कधी निघेल ते कंपनी जाहीर करेल तेव्हा. इथली दुकानं काही महिने आधी मागणी नोंदवतात. तुम्ही वहीसारखं ‘संपलं की मागवू’ म्हणालात तर कपाट रिकामंच राहील.

दुसरं, ई५ पासून सुरुवात करू नका. पोरं तीच मागणार हे खरं. पण खरी गाडी दहा डब्यांची. मूळ संचात थोडेच डबे येतात, बाकीचे पुढच्या संचांत वेगळे. गिऱ्हाईक पहिला संच घेतं आणि मग ‘उरलेले डबे कुठे’ म्हणून तुमच्या डोक्यावर बसतं. शिवाय तिला मोठी वळणं लागतात. ३१५ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ६३ सेंटिमीटर व्यास, पुण्यातल्या टू बीएचकेत ते डायनिंग टेबलावर येतं आणि जेवायच्या वेळी उचलावं लागतं.

त्यापेक्षा पॉकेट लाइन म्हणून छोट्या गाड्या आहेत, चिमुकले दोन-तीन डबे. त्या ११७ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावरही फिरतात. अख्खं वर्तुळ साधारण २६ सेंटिमीटरचं, जेवणाच्या ताटाएवढं! तुमच्या काउंटरवर गल्ल्याशेजारी मावेल. दाखवायलाही हेच ठेवा.

तिसरं म्हणजे सुटे भाग. रुळांच्या टोकांचे जोड ढिले पडतात, डबे जोडणारे कपलर तुटतात. इथे कंपनी सुटे भाग वेगळे विकते आणि मोठ्या दुकानांत त्यांच्या चिमुकल्या पाकिटांच्या भिंतीच असतात. गाडी एकदा विकली जाते, जोड मात्र दर महिन्याला लागतात. पावसाळ्यात रूळ काळे पडतील, गाडी अडखळायला लागेल आणि गिऱ्हाईक म्हणेल मोटर गेली. मोटर गेलेली नसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, रूळ पुसायचे, चाकंही पुसायची. कापडाच्या तुकड्याला काळं लागलेलं गिऱ्हाईकाला दाखवा, ते लगेच शांत होतं.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, मध्ये शाळा सुरू झाल्या आणि दोन आठवडे मान वर करायला वेळ नव्हता.

घरी असलेल्या दोन खोक्यांवरची बारीक जपानी अक्षरं मेहुण्याला फोटो पाठवून वाचून घेतली. बीआयएसला फोटो जोडून पत्र पाठवलंय, पोच मिळाली आहे. एका एजंटनेही चौथी_सीट यांच्यासारखंच सांगितलं, फक्त त्यांनी त्याचे पैसे घेतले. उत्तर येईपर्यंत एकही गाडी विकणार नाही. टेबलावरच्या गाडीपुढे ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावली आहे. ती घोरपडीच्या काकांनी स्वतः पिवळ्यावर काळ्या अक्षरांत रंगवून आणली, स्टेशनच्या पाटीसारखी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा टाकली आहे. लोक ती पाटीच विकत मागतात.

खरं_बोलतो, तुमचं अगदीच चूक नाही. बघून ऑनलाइन मागवणारे आहेतच. पण परवा असेच एक गृहस्थ बाहेरून मागवलेली गाडी घेऊन आले, चालत नाही म्हणून. चाकांत गालिच्याचे धागे अडकलेले. काकांनी चिमट्याने काढले, मी पन्नास रुपये घेतले. या धंद्यातली माझी पहिली कमाई.

लेस्टरची_सून, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. कंट्रोलरचं मनावर घेतलं आहे, सध्याचा ट्रान्सफॉर्मर उंच फळीवर, कुलपात.

आता आणखी एक मदत. श्रावणापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा दुकान फक्त गाड्या चालवायला उघडं ठेवायचा विचार आहे. ज्याची गाडी त्याने आणायची, रूळ आमचे, चहा आमचा. पण माझ्याकडे एकच वर्तुळ आहे. पुण्यात कोणाकडे २४८ मिलिमीटरचे सरळ तुकडे किंवा ११७ ची छोटी वळणं पडून असतील तर रविवारपुरती उसनी द्याल का? प्रत्येक तुकड्याखाली मालकाचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवेन. पेन्सिली आमच्याकडे भरपूर आहेत.