अनुभव धागा : स्पर्धेला पाठवलेला फोटो आणि त्यावर फिरवलेला हात

जळगाव (धागा काढणारा)

१९ ऑगस्टचा छायाचित्रण दिन जवळ आला की आमच्या ग्रुपवर दोनच विषय असतात. यंदा स्पर्धा कोण घेतंय, आणि गेल्या वर्षी बक्षीस कसं भलत्यालाच गेलं. या वेळी तिसरा निघाला : एडिटिंग किती केलं की फोटो आपला राहत नाही? रात्री साडेअकरापर्यंत जुंपली होती, शेवटी अॅडमिननं सगळ्यांची तोंडं बंद केली. म्हणून इथे आलो. वाद नको, ज्याचं त्यानं अंगावर आलेलं सांगा.

आधी माझं. मेहरूण तलाव, मे महिना, एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हैस धुतोय. फोटो चांगला होता, पण वरचं आकाश आपलं नेहमीचं, धुळकट आणि कोरं. माझ्याकडे तारकर्लीच्या सहलीतला एक पेटलेला सूर्यास्त पडून होता. तो लावला. कडा इतक्या सफाईनं जुळल्या की मीच खूश. बक्षीस समारंभात परीक्षकांनी काही फोटो पडद्यावर दाखवून चर्चा केली, त्यात माझा आला. ते म्हणाले, "आकाश एवढं पेटलंय, मग पाणी पांढरं का? आणि म्हशीची सावली सूर्याकडेच कशी चाललीय?" सभागृह हसलं. मीही हसलो, करणार काय. शेजारी बायको बसली होती, तिला मी आदल्या दिवशी पहिला नंबर पक्का म्हणून सांगून ठेवलं होतं.

चोपडा

मी शाळेत शिकवते, कॅमेरा नाही, फोनवरच काढते. सासूबाई खापरावरचे मांडे करत होत्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते : पुरण भरलेला उंडा एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत घेत कोपरापर्यंत पसरवतात आणि मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकतात. तो हवेत असतो तो क्षण अर्ध्या सेकंदाचाही नसतो. तीस-पस्तीस फोटोंत एक जमला. मांडा दोन्ही हातांवर ताणलेला, इतका पातळ की त्याच्या मागून धूर दिसतोय.

आता स्पर्धेला पाठवायचा तर जरा चांगला करू म्हणून एका अॅपमध्ये टाकला आणि चेहरा नितळ करणारं बटण दाबलं. सासूबाईंना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. म्हणाल्या, "हाई कोन शे वं? मन्ह्या सुरकुत्या कथा गयात?"

सगळं पुसून पहिल्यापासून केलं. डावीकडचा गॅस सिलिंडर कापला, मागची भिंत थोडी काळवंडली, बस. तिसरा नंबर आला. पाचशे एक रुपये आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर नाव माझं, पण ते त्यांच्या खोलीत लागलंय.

एरंडोल

आजवर सात वेळा उत्तेजनार्थ. आता उत्तेजन पुरे झालं, नंबर द्या.

धुळे

माझं वय बहात्तर. आमचा स्टुडिओ होता, आता मुलगा मोबाइल रिपेरिंग करतो त्याच जागेत. तुम्ही मंडळी एडिटिंग म्हणजे नवीन काही असल्यासारखं बोलता म्हणून लिहितोय.

आमच्याकडे रिटचिंगचा डेस्क होता. उतरता, मध्ये दुधी काच, खाली आरसा किंवा दिवा. त्यावर निगेटिव्ह ठेवायची, औषध लावायचं म्हणजे शिसं धरतं, आणि अणीदार पेन्सिलीनं एक-एक देवीचा व्रण भरायचा. निगेटिव्हवर व्रण पारदर्शक दिसतो, तिथे शिसं भरलं की कागदावर उजळ येतो. चुकलं तर खोडरबर नाही, पुसून परत पहिल्यापासून. वडील एका चेहऱ्याला तास-दीड तास लावायचे. ब्लॅक अँड व्हाइट फोटोला हातानं रंग भरायचा तो वेगळा. गाल गुलाबी, शालू हिरवा. शालू खरा कुठल्या रंगाचा होता ते लिहून घ्यायला विसरलो की भांडण ठरलेलं.

पण सगळ्यात जास्त काम कशाचं यायचं सांगू? गेलेल्या माणसाचं. घरात एकही फोटो नसायचा. मग मेल्यावर काढलेला आणायचे, डोळे मिटलेला. "याचे डोळे उघडून द्या." आम्ही उघडून द्यायचो. भावाचे किंवा मुलाचे डोळे बघायचे आणि ब्रशनं तसे काढायचे. साक्री तालुक्यातली एक बाई आली होती. मुलगा विहिरीत गेला होता, शाळेच्या गटाच्या फोटोत त्याचं डोकं तेवढं होतं, हरभऱ्याएवढं. म्हणाली, याला माझ्याशेजारी बसवा. वडिलांनी तिचा वेगळा फोटो काढला, डाव्या बाजूला जागा सोडून. काढताना तिला म्हणाले, थोडं तिकडे झुका. ती झुकली, आणि हात असा धरला, खांद्यावर ठेवल्यासारखा. त्या हाताखाली आम्ही नंतर मुलगा बसवला. पैसे घेतले नाहीत.

तो फोटो खरा की खोटा, हे तुमच्या परीक्षकांना विचारून कळवा.

शहादा

वरच्या काकांच्या नंतर लिहायला संकोच वाटतो, पण माझी तक्रार आहे.

मी पक्षी काढतो. आमच्या भागाचं नाव जगभर गेलं ते रानपिंगळा या छोट्या घुबडामुळे. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा पत्ताच नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला दिसला. मध्ये एक नोंद होती, १९१४ ची, मेनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर, गुजरातमधल्या मांडवीची. ती खोटी निघाली. गड्यानं लंडनच्या संग्रहालयातून जुना नमुना चोरला होता, तोही खानदेशातच जमवलेला, आणि नव्यानं पेंढा भरून स्वतःची चिठ्ठी लावली होती. रासमुसेन यांनी ती चोरी आधी पकडली, म्हणून त्या नोंदीची जागा सोडून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आपल्याकडे आल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर फोटो दुसऱ्याचा आणि तारीख-ठिकाण आपलं.

आता माझं ऐका. तीन हिवाळे घालवल्यावर एक रानपिंगळा समोर बसला. दिवसा फिरणारं घुबड, त्यामुळे उजेड मस्त. त्याला बोलवायला पक्ष्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग लावली नाही, जवळ गेलो नाही. फक्त एक वाळकी काडी उजव्या डोळ्यावरून आडवी गेली होती. काडीच ती. क्लोन करून, म्हणजे शेजारचाच भाग तिच्यावर चिकटवून, काढली. फोटो अंतिम फेरीत गेला, आयोजकांनी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, हात न लावलेली फाइल मागवली, मी पाठवली, आणि बाद. वन्यजीव गटात चौकटीतलं काही काढायचं नाही, घालायचं नाही, हा नियम सातव्या कलमात होता. मी वाचला नव्हता. मी काडी काढली, त्यांनी मला काढलं.

नियम बरोबर आहे, मान्य. पण त्याच गटात बक्षीस मिळालेल्या पिंगळ्याच्या फोटोत घरटं उघडं पाडण्यासाठी समोरचा पाला छाटलेला मला स्वच्छ दिसत होता. कात्रीनं छाटलेलं चालतं, माऊसनं नाही.

भुसावळ

एक तांत्रिक गोष्ट. फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी रावेरच्या केळीबागेतला, डोक्यावर घड वाहणाऱ्या मजुरांचा फोटो साधा पाठवला. निवडला गेला, १२ बाय १८ इंचांची प्रिंट निघाली आणि प्रदर्शनात मजुरांची तोंडं फरशीसारखी चौकोनी. हिशेब सोपा आहे : ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्या आकाराला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपनं माझ्या फोटोची लांब बाजू १६०० वर आणली होती. म्हणजे इंचाला ८९. आयोजकांनी तीच प्रिंट लावली, वर मलाच विचारलं, "मुद्दाम केलंय का इफेक्ट?"

शिरपूर

सारंगखेड्याचा घोडेबाजार, दत्तजयंती. तिथे हल्ली घोड्यांइतकेच फोटोवाले असतात आणि सगळे एकाच घोड्यामागे. घोडा दोन पायांवर उभा राहिला की वीस शटर एकदम. मग स्पर्धेत तोच घोडा वीस कोनांतून.

मी आमच्या ओळखीच्या एकाचा घोडा काढला, पहाटे, तापीच्या बाजूनं. मागे विजेच्या तारा, डीजेचा बॅनर, प्लास्टिकच्या बाटल्या. तीन रात्री बसून सगळं साफ केलं. सावल्या गडद केल्या, एकदम नाट्यमय झाला. प्रिंट काढून घोडेवाल्याला भेट द्यायला गेलो. त्यानं पाहिली आणि परत केली. "भाऊ, हाऊ मना घोडा नही."

मला काही कळेना. त्यानं बोट ठेवलं. त्याचा घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. मी सावल्या ओढताना मागचा डावा पाय काळा करून टाकला होता. फोटोवाल्याच्या लेखी तो सावलीचा तपशील. त्याच्या लेखी घोड्याचं शुभलक्षण, आणि बाजारातल्या किमतीचा भाग. "ह्यो कोणाला दाखवला तर मी फसवतो म्हणतील."

पाय परत पांढरा केला. स्पर्धेत काही लागलं नाही, पण त्याच्या तबेल्यात लागलाय.

अक्कलकुवा

मी कॉलेजला आहे. आमच्याकडच्या काठी गावची होळी तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिली असेल, इथल्या बऱ्याच जणांनी काढलीही असेल. रात्रभर नाच, आणि पहाटे उजाडता उजाडता होळी पेटते. काही जण बुध्या, म्हणजे व्रत घेऊन सजून नाचणारे, झालेले असतात, अंगावर ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरू. त्यासाठी आधी व्रत पाळावं लागतं, ते फोटोत येत नाही.

माझा चुलतभाऊ बुध्या होता. पुढच्या वर्षी एका शहरातल्या प्रदर्शनात मला त्याचा फोटो दिसला. पहिला क्रमांक. खाली लिहिलेलं : 'आदिम'. काढणाऱ्याचं नाव होतं, माझ्या भावाचं नव्हतं. रंग असे ओढले होते की पहाट नव्हे, वणवा वाटावा. अंगाचा रंगही दोन हात काळा केलेला. आणि मी बघत राहिलो कारण काहीतरी कमी होतं. डाव्या मनगटावरचं घड्याळ नव्हतं.

ते घड्याळ त्यानं सुरतेला काम करून पहिल्या पगारातून घेतलं होतं. त्या रात्री मुद्दाम घातलं होतं. माझ्या फोनमधल्या फोटोत ते आहे, पावणेसहा वाजलेत.

परीक्षकांना भेटून सांगितलं. ते चांगले बोलले, म्हणाले घड्याळामुळे रसभंग झाला असता.

चाळीसगाव

आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा कसा होईल! छायाचित्रकार केकी मूस, १९१२ ते १९८९. स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर न पडता काढली आणि तिथे बसून देशोदेशीच्या स्पर्धांत शेकडो बक्षिसं मिळवली. त्यांचं टेबलटॉप बघायला शाळेची सहल गेली होती. बर्फाळ रान, मधून जाणारी वाट. आणि ते सगळं टेबलावर मांडलेलं! आमचे सर म्हणाले, "चाळीसगावात बर्फ पडला बघा." चाळीसगावात उन्हाळ्यात डांबर वितळतं.

घरी येऊन करून पाहिलं. मैद्याचा बर्फ, तुरीच्या वाळक्या काड्यांची झाडं, टॉर्चचा चंद्र. मैद्याला मुंग्या लागल्या, त्या फोटोत अस्वलांसारख्या आल्या. परवा, तीस वर्षांनी, परत केलं, या वेळी रांगोळी वापरली. एका स्पर्धेत निसर्ग गटात पाठवून दिलं, गंमत म्हणून. निवडलं गेलं. मग माझाच जीव राहिना, फोन करून सांगितलं की ते आमचं डायनिंग टेबल आहे. त्यांनी 'सर्जनशील' गटात हलवलं, तिथे काही मिळालं नाही. मूस यांची चित्रं टेबलटॉप म्हणूनच ओळखली जातात, तरी माणूस समोरून हलत नाही.

अमळनेर

वकील आहे, थोडक्यात सांगतो. प्रवेशअर्जातली बारीक अक्षरं वाचा. 'पाठवलेल्या सर्व फोटोंचे सर्व हक्क आयोजकांकडे' असं सर्रास असतं. कायद्यानं फोटोचा पहिला मालक काढणारा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पैसे घेऊन ऑर्डरचा फोटो काढला असेल तर मात्र, वेगळं ठरलं नसल्यास, हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. लग्नातला फोटो स्पर्धेला पाठवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मला एकदा अर्धं अमळनेर लग्नाला आलेलं असताना वधूपित्यासमोर हे समजावावं लागलंय.

पाचोरा

यंदा एका छोट्या स्पर्धेला परीक्षक होतो. एआयचं भूत आमच्याकडेही आलंय. २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक स्पर्धेत एका जर्मन कलाकारानं एआयचं चित्र पाठवून बक्षीस मिळवलं आणि मग स्वतःच नाकारलं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेत बरोब्बर उलटं. एकानं पोट खाजवणाऱ्या, म्हणून डोकं न दिसणाऱ्या फ्लेमिंगोचा खरा फोटो एआय गटात घातला आणि नंबर काढला. खरा निघाला म्हणून बाद.

आमच्याकडे आलेली एंट्री होती केळीच्या बागेची. सकाळचं ऊन, धुकं, घडाला हात लावून उभा म्हातारा शेतकरी. आम्ही तिघं परीक्षक फिदा. मी तर म्हणालो, डोळ्यांतला भाव बघा. चहा घेऊन आलेला शिपाई रावेरकडचा. ट्रे हातात तसाच धरून म्हणाला, "साहेब, फण्या उलट्या आहे."

बघितलं तर खरंच. झाडावर केळी वरच्या दिशेनं वळलेली असतात. या सगळ्या खाली लोंबत होत्या, द्राक्षासारख्या. घडाच्या टोकाला केळफुलाची दांडीही नव्हती. पाठवणाऱ्याला मूळ फाइल मागितली. त्याचा फोन अजून बंद आहे.

जळगाव (धागा काढणारा)

सगळ्यांचं वाचलं. धुळ्याच्या काकांना उत्तर द्यायची माझी पात्रता नाही. अक्कलकुव्याच्या मित्रा, तो पावणेसहाचा फोटो भावाची हरकत नसेल तर इथे टाक, नावासकट.

मी परवा पुन्हा मेहरूणला गेलो. तोच माणूस, बहुतेक तीच म्हैस. या वेळी त्याचं नाव विचारलं, आकाश जसं होतं तसं ठेवलं, काही लावलं नाही. स्पर्धेला पाठवला. परीक्षकांचा शेरा आलाय : 'चांगला प्रयत्न. आकाश फार रिकामं वाटतं.'